साध्या, टिकाऊ गाडीच्या शोधात

सन २०२४ च्या आषाढातील ती पहाट आमच्या घरात कोणी विसरेल असे वाटत नाही. बेळगावच्या पश्चिमेस, जांबोटीच्या रस्त्यावर आमचे गाव आहे. तेथून गोव्याच्या बाजारासाठी भाजी भरून निघालेली आमची गाडी चोर्ला घाट उतरत होती. हौद्यात कोबी, फ्लॉवर आणि हिरवी मिरची असा सव्वा टनाचा माल होता आणि चाकावर आमचा पुतण्या बसला होता. कणकुंबीपासून पावसाने जो जोर धरला होता तो घाटात दुप्पट झाला. एका वळणावर समोरून अचानक बस आली. पुतण्याने ब्रेक दाबला, मागची चाके जागच्या जागी अडकली, आणि ओल्या रस्त्यावर गाडी आडवी घसरत जाऊन कठड्याला टेकली. पोराला साधे खरचटलेही नाही, ही देवाचीच कृपा. कोबीचे गड्डे मात्र दरीच्या दिशेने घरंगळत गेले.

पुतण्या घरी परतला तेव्हा आईने त्याच्या तोंडावरून हात फिरविला आणि आमच्याकडे वळून ती एवढेच म्हणाली, "गाडी बदला रे आता."

गाडी बदलणे म्हणजे घरातील एक माणूस बदलण्यासारखेच होते. २००६ साली घेतलेल्या त्या पिकअप गाडीने अठरा वर्षे आमचे घर ओढले होते. दोन बहिणींची लग्ने, नवी विहीर, मुलांची शिक्षणे, हे सारे तिच्याच हौद्यातून आले असे म्हटले तरी चालेल. तिच्या इंजिनाची एकदा बोअरिंग झाली, क्रँक एकदा घासून घेतला. ती दोन्ही कामे बेळगावातच झाली, कारण ओतकाम आणि यंत्रकाम हा या शहराचा जुना हातखंडा आहे. बाकी सगळी दुरुस्ती गावाच्या नाक्यावरील मेस्त्री पान्यांच्या एका पेटीवर करीत. साहजिकच आम्ही सर्वांनी मिळून ठराव केला की, नवी गाडी घ्यावयाची ती अगदी या जुन्या गाडीसारखी: साधी, मजबूत आणि विजेच्या खेळण्यांचा सोस नसलेली. अशी गाडी शोधताना आम्हांस जे कळले, ते अन्य कुटुंबांच्याही उपयोगी पडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

विरोधाचे कारण

आमच्या ठरावामागे केवळ जुन्याचा मोह नव्हता. त्याच वर्षी शेजारच्या वाड्यातील एका कुटुंबाची जवळजवळ नवी गाडी ऐन पावसाळ्यात कणकुंबीजवळ रात्री बंद पडली. बंद पडली म्हणण्यापेक्षा तिने काम नाकारले म्हणणे अधिक योग्य. समोरच्या फळीवर एक पिवळा दिवा लागला, आणि इंजिन चालू असूनही चढावर गाडी ओढीना. चालक अनुभवी होता; त्याने फिल्टर पाहिला, पाइप पाहिले, बॅटरीची टोके घट्ट केली; पण दिवा काही विझेना. सकाळी दुसऱ्या गाडीला बांधून ती शहरात न्यावी लागली. तोवर भाजी वाफाळून गेली होती. आमच्या अंगणात त्या दिवशी जी चर्चा झाली तिचा निष्कर्ष एकच होता: ज्या गाडीचे दुखणे आपल्याला कळत नाही, ती गाडी आपली नव्हेच.

ही तक्रार काही आमच्या गावापुरती नाही. थायलंडमध्ये टोयोटा कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये हायलक्स चँप नावाची मुद्दाम साधी ठेवलेली मालवाहू गाडी बाजारात आणली. ज्याने त्याने आपल्या धंद्याप्रमाणे तिच्या पाठीवर हवा तो हौदा किंवा पेटी बसवावी अशीच तिची रचना आहे. अमेरिकेत एप्रिल २०२५ मध्ये स्लेट नावाच्या नव्या कंपनीने एक पिकअप दाखविली. तिच्या काचा हाताने फिरवावयाच्या, दर्शनी फळीवर मोठा पडदा नाही, गाणी ऐकण्याची सोय नाही, अंगाला रंगसुद्धा नाही. आणि गंमत म्हणजे ती गाडी विजेवर चालणारी! साधेपणाची भूक अशी सर्व खंडांत लागलेली दिसते.

जुन्या गाड्या साध्या का होत्या?

आपल्या देशात हलक्या मालवाहू गाड्यांचा खरा जमाना १९८० नंतरच्या दशकात सुरू झाला. डीसीएम-टोयोटा, आल्विन-निस्सान, स्वराज-माझदा आणि आयशर-मित्सुबिशी अशा चार जोड्या जपानी तंत्र घेऊन मैदानात उतरल्या. आल्विन ही हैदराबादची कंपनी, तर आयशरचा कारखाना इंदूरजवळच्या पिथमपूरचा. त्या भागांतील वाचकांना ती धामधूम आठवत असेल. त्यांच्यासमोर टाटांनी १९८६ मध्ये स्वतःच्या बळावर तयार केलेली ४०७ उभी केली, आणि खराब रस्ते व वाजवीपेक्षा जास्त भार यांना ती पुरून उरली. पुढे २००५ च्या मे महिन्यात त्याच कंपनीची दोन सिलिंडरची एस आली आणि 'छोटा हत्ती' या लाडक्या नावाने गल्लीबोळांत फिरू लागली.

या पिढीच्या डिझेल इंजिनांचे मर्म त्यांच्या पंपात होते. इंजिनाच्या दातेरी चक्रावर फिरणारा हा पंप नेमक्या क्षणी नेमके डिझेल एकेका नोझलकडे ढकलीत असे. वेळ ठरत असे ती चक्राच्या दात्यांवरून. त्यात तार नाही आणि सेन्सरही नाही. एकदा इंजिन सुरू झाले की बॅटरी काढून ठेवली तरी ते धडधडत राही. आमचे मेस्त्री तर बॉनेटवर हात ठेवून, डोळे मिटून कोणते नोझल थुंकते आहे ते सांगत. "यात काय मोठंसं काका," ते आमच्या थोरल्या काकांना म्हणत, "ऐकू येतंय की!"

शोध आणि पहिली निराशा

दसऱ्यापासून आम्ही दुकाने धुंडाळू लागलो. बेळगाव झाले, हुबळी झाले, कोल्हापूर झाले. सर्वत्र आमचा एकच प्रश्न होता: "जुन्या पंपाची गाडी आहे का?" आणि सर्वत्र एकच स्मित. अखेर एका वयस्क विक्रेत्याने आम्हांस खुर्चीवर बसवून चहा पाजला व सांगितले की, अशी नवी डिझेल गाडी आता या देशात कोणीही विकू शकत नाही.

त्याचे म्हणणे खरे होते. भारत स्टेज या नावाने धुरावर मर्यादा घालणारे नियम २००० सालापासून टप्प्याटप्प्याने आले. एप्रिल २०१७ मध्ये चौथा टप्पा सर्व देशभर लागू झाला. पाचवा टप्पा गाळून १ एप्रिल २०२० पासून एकदम सहावा आला. आणि एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावर चालताना होणाऱ्या धुराचीही मोजणी सुरू झाली. लहान डिझेल मोटारींपुरते बोलावयाचे तर चौथ्या टप्प्यात दर किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम काजळी चालत असे, ती मर्यादा सहाव्या टप्प्यात साडेचार मिलिग्रॅमवर आली. नायट्रोजनच्या विषारी वायूंची मर्यादा २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली. डिझेलही बदलले; त्यातील गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आणण्यात आले.

दात्यांवर चालणाऱ्या पंपाला हे गणित सुटण्यासारखे नव्हते. म्हणून नव्या इंजिनात एक जाड नळी असते. तिच्यात डिझेल हजार-दीड हजार वातावरणांहूनही अधिक दाबाखाली भरून ठेवलेले असते, आणि संगणकाच्या आज्ञेने नोझले एकाच फेऱ्यात अनेक वेळा क्षणभर उघडतात. फवारा इतका बारीक होतो की जळण जवळजवळ पूर्ण होते. जी काजळी उरते ती सायलेन्सरच्या वाटेतील गाळणीत अडकते, व गाळणी खूप तापली की आतल्या आत जळून जाते. काही गाड्यांत शिवाय यूरियाचे द्रावण फवारून विषारी वायू मोडले जातात. ही सारी व्यवस्था सेन्सरांवाचून चालणारी नाही.

आम्ही घरी आलो ते हिरमुसले होऊन. थोरले काका म्हणाले, "मग जुनीच गाडी नव्याने बांधून घेऊ. लाइनर बदलू, पंप करून घेऊ, आणखी दहा वर्षे चालेल." मेस्त्रीही तयार होते. "हे इंजिन मरायचं नाही, काका," ते अभिमानाने म्हणाले.

तेव्हा आई माजघरातून बाहेर आली. तिला दम्याचा त्रास आहे, आणि तिच्या खोलीची खिडकी अंगणात उघडते. पहाटे चारला गाडी गरम करण्यासाठी सुरू केली की त्या खिडकीतून निळा-काळा धूर आत शिरतो, हे आम्ही अठरा वर्षे पाहत होतो. किंवा पाहूनही पाहत नव्हतो. ती म्हणाली, "गाडी दीर्घायुषी आहे हे चांगलंच आहे, मेस्त्री. पण तिच्या शेजारी झोपणाऱ्यांचं काय?"

मेस्त्री खाली पाहू लागले. काकांनी पानाचा डबा मिटला. त्या रात्री आमच्या ठरावातील 'विजेचे काहीही नको' हे शब्द मनातून आपोआप पुसले गेले.

हवे काय आणि नको काय

आपल्याच बेळगावची एक जुनी गोष्ट या प्रसंगी आठवली. १८८८ साली येथे सायकलींचे दुकान काढणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी पुढे लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो हाती धरीनात. त्या शेतकऱ्यांना आज आम्ही हसतो. तारांविषयीचा आमचा राग त्याच जातीचा तर नव्हता? तसा तो काही अंशी होता. पण सर्वस्वी नव्हता. कारण गाडीतील प्रत्येक नवी वस्तू नांगराच्या फाळासारखी कामाची असतेच असे नाही.

म्हणून आम्ही वहीच्या पानावर तीन रकाने आखले. पहिला रकाना जिवासाठी व हवेसाठी जे लागते त्याचा. त्यात धुराची गाळणी आली, इंजिनाचा संगणक आला, आणि चाके अडकू न देणारी एबीएस ही ब्रेकची व्यवस्थाही आली. या व्यवस्थेत प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर चाक अडकू लागल्याचे ओळखतो, आणि ब्रेकचा दाब क्षणात सैल करून पुन्हा घट्ट करतो. त्यामुळे ओल्या रस्त्यावरही गाडी सुकाणूचे ऐकते. चोर्ला घाटातील त्या पहाटेनंतर हिला अनावश्यक म्हणण्याची आमची प्राज्ञा नव्हती.

दुसरा रकाना मालासाठी जे लागते त्याचा. शिडीसारखी स्वतंत्र चेसिस, मागे कमानपाटे, लोखंडी रिंगा, कोठेही मिळणाऱ्या मापाचे टायर आणि तीन बाजूंनी उघडणारा हौदा, एवढ्या गोष्टी त्यात लिहिल्या.

तिसरा रकाना बाकी सर्वांचा: चित्रे दाखविणारा पडदा, बटणाच्या काचा, दूरध्वनीला जोडले जाणारे यंत्र, दाराची दूरनियंत्रक किल्ली. या वस्तू वाईट नव्हेत; पण त्यांच्यावाचून कोबीचा एकही गड्डा अडत नाही. विशेष म्हणजे, प्रत्येक कंपनीच्या सर्वांत खालच्या प्रकारात हा तिसरा रकाना बहुधा रिकामाच असतो. विक्रेते मात्र तो प्रकार पुढे करीत नाहीत; मागून घ्यावा लागतो.

शेजाऱ्यांच्या गाडीचे रहस्य

याच सुमारास शेजाऱ्यांच्या गाडीचे दुखणे सापडले, आणि ते सर्वांनी ऐकण्यासारखे आहे. दोष कारखान्याचा नव्हताच. गाडी घेतल्यावर हौशीने पुढे दोन मोठे दिवे व कर्कश भोंगा बसविला होता, आणि त्यांच्यासाठी मूळ वायरिंग मध्येच सोलून जोड दिला होता. पावसाचे पाणी त्या जोडातून शिरून एका सेन्सरच्या टोकाला हिरवा गंज चढला. सेन्सरकडून चुकीचा निरोप गेला, संगणक घाबरला, आणि इंजिनास इजा होऊ नये म्हणून त्याने शक्ती आखडली. दुरुस्तीस लागला एक तासाभराचा वेळ. शोधण्यास लागले चार दिवस!

हे दुखणे शोधून काढले ते आमच्या मेस्त्रींच्याच मुलाने. त्याने नुकताच आय.टी.आय.चा अभ्यासक्रम पुरा केला होता. स्कॅनर हे मोठ्या मोबाइलएवढे यंत्र तो कोणाकडून मागून घेऊन आला; सुकाणूखालच्या कप्प्यात ते जोडताच पडद्यावर दोषाचा आकडा उमटला. मेस्त्रींनी तो आकडा पाहिला आणि म्हणाले, "हा नुसता कुठं दुखतंय ते सांगतोय. का दुखतंय ते शोधायला डोळेच लागतात की!" आणि खरोखरच, स्कॅनरने सेन्सरचे नाव सांगितल्यावर ती तार बोटांनी चाचपीत जाऊन सोललेला जोड शोधला तो मेस्त्रींनीच.

आम्हांस वाटते, साधेपणाचा खरा अर्थ आम्हांला त्या दिवशी कळला. जुनी गाडी साधी होती ती तिच्यात तारा नव्हत्या म्हणून नव्हे. तिचे दुखणे ओळखणारा माणूस आमच्या नाक्यावर होता म्हणून. असा माणूस जवळ नसेल तर जुना पंपसुद्धा गूढच. आणि असा माणूस असेल, तर संगणकही घरचाच.

घेताना पाहावयाच्या गोष्टी

२०२५ च्या संक्रांतीनंतर आम्ही गाडी घेतली: खालच्या प्रकारातील, हाताने काचा फिरवावयाची, एबीएस असलेली. तत्पूर्वी जे जे पाहिले ते थोडक्यात सांगतो.

आपला रोजचा प्रवास आधी मोजावा. काजळीची गाळणी जळून स्वच्छ होण्यासाठी तिला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि ती लांबच्या सलग प्रवासातच सहज मिळते. आमची गाडी एक दिवसाआड गोव्यास जाते, त्यामुळे आम्हांस डिझेल सोईचे. ज्यांची गाडी दिवसभर तीन-चार किलोमीटरांच्या फेऱ्या मारते, त्यांची गाळणी वरचेवर चोंदेल. त्यांनी पेट्रोलची किंवा गॅसची लहान गाडी पाहावी, अथवा विजेची.

बॉनेट उघडून स्वतः पाहावे. डिझेल फिल्टर हाताला येतो का, फ्यूजची पेटी पाण्यापासून दूर आहे का, तारांची टोके चाकांच्या चिखलाबाहेर आहेत का? सुटे भाग आपल्या शहरात मिळतात की हुबळीहून मागवावे लागतात, हे विक्रेत्यास न विचारता सुट्या भागांच्या दुकानदारास विचारावे.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी कागद नीट पाहावेत. व्यापारी वाहनास आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि पंधरा वर्षांवरील वाहनांच्या तपासणीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून बरेच वाढले आहे. स्वस्तात मिळालेल्या गाडीचा हा वार्षिक भार हिशेबात धरावा. धुराची गाळणी काढून टाकलेली गाडी तर कोणी फुकट दिली तरी घेऊ नये. ते बेकायदा आहेच, शिवाय आपल्याच अंगणातील हवेशी केलेला तो द्रोह आहे.

घेतल्यावर पाळावयाची पथ्ये

नव्या इंजिनाचा पहिला शत्रू म्हणजे डिझेलमधील पाणी. नोझलांची छिद्रे अतिशय बारीक असतात. जुन्या पंपाने जे पचविले ते यांना पचत नाही. म्हणून डिझेल खात्रीच्या पंपावरच भरावे, आणि फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी नेमाने सोडावे. दुसरा शत्रू उंदीर. भाजीच्या वासाने ते हौद्यात येतात आणि तारा कुरतडून जातात. गाडी गोठ्याजवळ किंवा कणगीजवळ उभी करू नये. तिसरा शत्रू आपली हौस. मूळ वायरिंग कधीही सोलू नये; दिवा हवाच असेल तर स्वतंत्र फ्यूज व रिले घालून बॅटरीपासून वेगळी तार ओढावी. इंजिन जोराच्या पाण्याने धुऊ नये. हौद्याला किंवा चेसिसला वेल्डिंग करावयाचे झाल्यास आधी बॅटरीची टोके सोडवावीत. नाहीतर ठिणगीबरोबर संगणकही जावयाचा. गाळणीचा दिवा लागला तर घाबरून इंजिन बंद करू नये. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी सलग चालू द्यावी.

आणि शेवटचे पथ्य आमच्या गावाचे. चार घरांनी वर्गणी काढून मेस्त्रींच्या गॅरेजात एक स्कॅनर घेऊन ठेवला आहे. मुलगा आकडे वाचतो, बाप तारा चाचपतो.

या गोष्टीला आता वर्ष उलटून गेले. नव्या गाडीने एक अख्खा पावसाळा चोर्ला घाटात काढला. दिवा एकदा लागला होता. कारण होते फिल्टरमधील पाणी, आणि अर्ध्या तासात तो विझला. जुनी गाडी रीतसर मोडीत काढली. मेस्त्रींनी तिचा पंप तेवढा मागून घेतला. तो पुसून-पासून त्यांनी गॅरेजातील फळीवर, देवाच्या तसबिरीखाली ठेवला आहे.

पहाटे चारला पुतण्या गाडी सुरू करतो. आईची खिडकी आता उघडी असते. क्वचित एखाद्या दिवशी ती आतूनच विचारते, "गाडी सुरू झाली का रे? आवाज ऐकू आला नाही, वासही नाही." आणि थोरले काका अंगणातून उत्तर देतात, "झाली हो वहिनी, निघालासुद्धा तो."